आधी परतीचं बोला

वसुधामावशी कोणत्याही सहलीचा आराखडा परतीपासून लिहायला घेतात. आउटर बँक्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीसाठी त्यांनी आणलेल्या फायलीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरांत एकच ओळ होती: 'सर्वजण सुखरूप घरी पोहोचले. सायंकाळी सात.' दुसऱ्या पानावर वाळूतून बाहेर पडणे, तिसऱ्यावर वाळूत शिरणे. आणि आमच्या मॉरिसव्हिलहून निघण्याचा उल्लेख अगदी शेवटी, एखाद्या औपचारिकतेसारखा.

"आत काय, कुणीही जातं," त्या म्हणत. "बाहेर कसे येणार, ते आधी बोला."

मावशी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहतात. चाळीस वर्षे त्या इथल्या इस्पितळांत भूलतज्ज्ञ होत्या. "मी जन्मभर भूल दिली, भूल केली नाही," हे वाक्य त्या स्वतःच्या नावाआधी सांगतात. निवृत्त होताच त्यांनी भलीमोठी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली. त्यांची स्वतःची उंची पाच फुटांच्या आत. त्यामुळे त्या लाकडी स्टुलावर पाय ठेवून गाडीत चढतात आणि मग ते स्टूल दोरीने वर ओढून घेतात.

उत्तरेकडे जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथून पुढे मैलोन्मैल किनारा हाच रस्ता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या, आणि मधून मोकळे हिंडणारे रानघोडे. ते घोडे पाहण्याचा हट्ट माझ्या लेकीने, रियाने, वर्षभर धरला होता. माझ्या नवऱ्याने, अजितने, नवी एसयूव्ही घेतली आणि मावशींनी सूत्रे हाती घेतली. आमच्या जेवणाच्या टेबलावर, चहाचा कप बाजूला सारून, त्यांनी पेन उघडले.

"अजित, पूर्वी कधी वाळूत फसला होतास?"

"नाही, मावशी."

"घरात कुणी? वडील, भाऊ?"

"बाबा नागपूरचे हो. त्यांनी वाळू फक्त बांधकामावर पाहिली."

मावशींनी तेही लिहून घेतले. "निघण्याआधी सहा तास जड काही खायचं नाही."

"म्हणजे बटाटेवडे..."

"कॅन्सल." मग माझ्याकडे वळून, "हा घोरतो का गं?"

"भरपूर," मी म्हणाले. नोंद झाली.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी आमच्या दोन्ही गाड्यांपुढचे डांबर संपले. हवेला मिठाचा आणि ओल्या शेवाळाचा वास होता. मावशी उतरल्या, स्टूल आधी आणि त्या नंतर, आणि आपल्या टायरांतली हवा कमी करू लागल्या. प्रत्येक चाक लांब सुस्कारा टाकत बसके होत गेले. दाब वीसवर आणला की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो, असे फाइल सांगत होती. अजितने मात्र तीसवरच हात आखडता घेतला.

"नवे टायर आहेत, यार," तो माझ्या कानाशी पुटपुटला, आणि मोठ्याने म्हणाला, "झालं, मावशी!"

घोडे दिसले. तांबूस, मंद, आयाळीत वारा घेऊन उभे. रिया खिडकीशी श्वास रोखून बसली होती. परतताना समोरच्या खोल चाकोऱ्या चुकवायला अजितने गाडी पाण्याच्या बाजूला घेतली, आणि ती बसली. त्याने जोर लावला तशी चाके आणखी रुतली. भरती सुरू झाली होती. दर लाट वीतभर पुढे येत होती. मी रियाला ओढत टेकडीवर नेले. अजित मात्र गाडी सोडेना.

"काढतो मी! मावशी, तुम्ही व्हा पुढे!" त्याचा आवाज चिरकला. पहिला फेस पुढच्या चाकाला लागला.

मावशी फावडे घेऊन धावत आल्या. गेज लावून टायरचा दाब पाहिला. "खोटं बोललास. पेशंटही बोलतात. गुपचूप खाऊन आलेले असतात." ओल्या वाळूत गुडघे टेकून त्यांनी चारही चाकांची हवा सोडली, चाकांपुढची वाळू उपसली आणि अजितच्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे बघ. शंभरापासून उलटे आकडे मोज. प्रत्येक आकड्याला पेडल केसभर दाब."

"मावशी, पाणी..."

"पाण्याकडे मी बघते. शंभर."

"शंभर... नव्याण्णव... अठ्ठ्याण्णव..."

शहाण्णववर तो अडखळून इंग्रजीत शिरला, आणि 'नाइंटी फोर'ला गाडी हलली. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात मावशी खिडकीच्या बाजूने चालत राहिल्या. पाण्याबाहेरची घट्ट वाळू लागली तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला, तो हसू होता की रडू, मला अजून सांगता येत नाही.

मावशी फावडे उचलून आपल्या गाडीकडे निघाल्याही होत्या. अजितने उडी मारून त्यांना गाठले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू, मावशी. तुम्ही नसता तर..." रियाने त्यांच्या कमरेला मिठी मारली.

मावशी गोंधळल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "यावर काय म्हणायचं असतं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"खरंच विचारते गं. माणसं पुरती शुद्धीवर येईपर्यंत मी पुढच्या केसला गेलेली असायची. आभार सर्जनचे. मी कुणाला आठवायचीच नाही."

"यू से, यू आर वेलकम, आजी," रिया त्यांच्या कुशीतून म्हणाली.

"यू आर वेलकम," मावशी सावकाश म्हणाल्या, प्रत्येक शब्दाची चव घेत. आणि वाळूने माखलेला आपला हात त्यांनी रियाच्या केसांवर ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.