ढोलांची रेकॉर्ड आणि पिवळं निशाण

"ऐकून रेकॉर्ड कुणीही घेईल. न ऐकता घ्यायला छाती लागते!" बांडुंगच्या जुन्या बाजारात आसिकिन हे भेटेल त्याला ऐकवायचा. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, डोक्यावर चार केस. पण रेकॉर्डच्या ढिगात हात घातला की एकदम पंचविशीचा व्हायचा. कव्हर आवडलं की घेतली! त्यावरची भाषा कळली नाही तर आणखीच खूश!

बायको निनिंग मात्र कावली होती. शनिवारी तिनं निक्षून सांगितलं, "यापुढे एक जरी अनोळखी रेकॉर्ड घरात आली, तर तो प्लेअर भंगारवाल्याला देईन. फुकट देईन, वर त्याला चहा पाजीन!"

"दे की! घाबरतो काय?" आसिकिन म्हणाला.

आणि रविवारी सकाळी ती भाजीला गेली तसा हा पठ्ठ्या बाजारात जाऊन रेकॉर्ड घेऊन आलासुद्धा. कव्हरवर एक तळं, मागे डोंगर आणि ढोलांची रांग. वादकांची नावं उंदरांनी खाल्लेली. घरात फक्त सासू होती, ओना-आजी, वय वर्षं एकोणनव्वद, आतल्या खोलीत आडवी झालेली. आसिकिननं प्लेअर ओसरीवर आणला आणि आवाज पार शेवटपर्यंत चढवला. चोरून ऐकायला दरोडा घातलाय का?

सुई टेकली आणि... अहाहा! ढोल असे सुटले की खिडकीच्या काचा थरथरल्या. त्यावर एक पिपाणी, हट्टी, मध्येच अडून बसणारी, मध्येच उसळणारी. आसिकिनच्या अंगावर काटा आला. अरे, हे इतकी वर्षं होतं कुठे? आणि मी मेला पोस्टात शिक्के मारत बसलो! आनंदानं त्याला रडूच यायला लागलं. मग लुंगी सावरून तो चक्क नाचायला लागला.

तेवढ्यात समोरचे सिलालाही काका फाटकात आले. काका मूळचे सुमात्राचे, बाताक लोकांतले. एरवी बनियनवर फिरणारा माणूस, आज अंगात कोट आणि खांद्यावर विणलेला शेला! डोळे भरलेले. त्यांनी आसिकिनचा हात घट्ट दाबला, तळवे जोडले आणि गुडघे लववत संथपणे नाचू लागले.

"तुम्हालाही भिडलं ना, काका?" आसिकिन गहिवरला.

"भिडणारच! तुमच्यासारखा जावई मिळायला भाग्य लागतं हो."

जावयाचा इथे काय संबंध, हे आसिकिनला कळलं नाही. पण कौतुक कुणाला नको असतं?

गल्लीप्रमुख ओमान सायकलवरून चालले होते, ते थांबले. काका त्यांच्या कानात काहीतरी बोलले. "अरेरे!" करून ओमान जे सुटले, ते दहा मिनिटांत विजेच्या खांबाला पिवळं निशाण लागलंसुद्धा! मयताच्या घराशिवाय हे निशाण कुठे लागत नाही. आसिकिनची खांबाकडे पाठ होती. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. बायका मयताच्या घरी द्यायची तांदळाची घमेली घेऊन आल्या. मशिदीच्या कर्ण्यावरून ओना-आजीचं नाव पुकारलं गेलं, ते सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. ढोलांच्या दणदणाटात एकट्या आसिकिनला ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, चला, गल्लीला गाण्याची चव आली एकदाची!

"बसा, बसा! दुसरी बाजू अजून बाकी आहे!"

"डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या," एक बाई हळूच म्हणाली.

एवढ्यात निनिंग धावत आली. भाजीची पिशवी नाही, एका पायात चप्पल नाही. "अहो! माझी आई गेली आणि तुम्ही नाचताय?"

"आई गेली? कुठे?" आसिकिननं गडबडीनं सुई उचलली.

"वहिनी, त्यांना बोलू नका," काका डोळे पुसत म्हणाले. "आमच्याकडची धून आहे ही. नातवंडं-पतवंडं बघून म्हातारं माणूस गेलं की आम्ही हीच वाजवतो आणि नाचून निरोप देतो. यांनी परके असून एवढा मान राखला!"

आसिकिन पांढराफटक पडला. आणि तेव्हाच आतून काठी टेकत ओना-आजी बाहेर आली! दोन घमेली उलटी झाली.

"गाणं का बंद केलं रे? पडल्या पडल्या ऐकत होते मी. आणि ही गर्दी कसली? कोण गेलं?"

"तुम्ही, आजी," ओमान अदबीनं म्हणाले.

आजीनं खुर्च्या पाहिल्या, तांदूळ पाहिले, काकांचा शेला चाचपून पाहिला. चेहरा असा खुलला की विचारू नका. "माझ्यासाठी एवढी माणसं? लाव, लाव पुन्हा!"

"काही लावायचं नाही!" निनिंग कडाडली. "आजच्या आज ते खोकं भंगारात जाणार!"

"खबरदार! मला पोचवताना हीच रेकॉर्ड वाजली पाहिजे. तोवर प्लेअर जागचा हलता कामा नये!"

"ऐकलंस?" आसिकिननं छाती काढली.

निनिंगनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "ऐकलं. आई आहे तोवर."

ज्या सासूला त्यानं तीस वर्षांत कधी पाणी विचारलं नव्हतं, तिला आसिकिन आता रोज सकाळी आल्याचा गरम काढा देतो. ती शिंकली की डॉक्टरकडे धावतो. रेकॉर्ड मात्र दर रविवारी येते, न ऐकता घेतलेली, आणि पूर्ण आवाजातच वाजते! माघार घेणारा माणूस नव्हे तो. फक्त सुई टेकवायच्या आधी सासूबाईंना फाटकात खुर्ची टाकून बसवतो, सगळ्या गल्लीला नीट दिसतील अशा.