चुंबक चिकटेल असं भांडं

ताईचं पत्र येऊन चार महिने झाले, तरी उत्तर गेलं नव्हतं. पत्र एवढंच: "बाळ, एकटीला करमत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का? तुझ्या हातचा चहासुद्धा चालेल." सत्तरीच्या बाळनं, म्हणजे निवृत्त ग्रंथपाल आप्पांनी, ते फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलं आणि उत्तराचे अकरा मसुदे केले. प्रत्येक मसुदा 'ये' या शब्दापाशी अडला. वाचनाच्या नादात स्टीलची दोन्ही पातेली जाळलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं बोलवायचं? परवा तर ताईचं कार्डच आलं. खोली सोडणार की नाही, हे तिला तिच्या घरमालकाला महिनाअखेर सांगायचं होतं.

आप्पांनी आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी आणली. चहा जमला की उत्तर पाठवायचं. आकडे न वाकता दिसावेत म्हणून त्यांनी शेगडी दोन जाडजूड शब्दकोशांवर ठेवली, वर ॲल्युमिनियमचं पातेलं. शेगडी केकाटली आणि गप्प झाली. आप्पा चटकन "माफ करा" म्हणाले.

माहितीपुस्तिका त्यांनी प्रस्तावनेपासून वाचली. बुडाला चुंबक चिकटेल असंच भांडं हवं होतं. घरातलं एकमेव चुंबक फ्रिजवर. ते काढताच पत्र घरंगळून फ्रिजमागे गेलं. चुंबक पितळेला चिकटेना, ॲल्युमिनियमला चिकटेना. चिकटलं ते पुस्तकं डकवायच्या खळीच्या इनॅमलच्या भांड्याला. आप्पांनी गव्हाच्या पिठाची ती खळ एका कपात काढून दुधाच्या कपाशेजारी ठेवली, भांडं तीनदा घासलं आणि चहा ठेवला. उकळी आली, दूध घातलं, आणि शेगडी पुन्हा बंद.

खालच्या दुकानातला दुरुस्तीवाला आला. आधी प्लग बघायला तो फ्रिजमागे वाकला, मग शेगडी उचलून शब्दकोश बाहेर काढले.

"आजोबा, ही खालून श्वास घेते. तुम्ही तिचं नाकच दाबलंत."

थोड्या वेळानं शेगडी गार झाली आणि निमूट चालू लागली. चहा आटला, पण कपात पडेना. दुरुस्तीवाल्यानं चमचा उभा केला, तो उभाच राहिला. आप्पांनी ओट्याकडे पाहिलं. दुधाचा कप काठोकाठ भरलेला होता. खळीचा रिकामा.

त्यांनी खाली मान घातली. दुरुस्तीवाल्यानं फ्रिजमागे सापडलेलं पत्र त्यांच्यापुढे धरलं. उघडंच असल्यानं त्यानं ते वाचलं होतं.

"काय कळवलंत यांना?"

"अजून काही नाही. म्हटलं, आधी चहा यायला हवा."

"त्या येतायत भावाकडे. चहाच्या टपरीवर नाही."

बाराव्या मसुद्यात आप्पांनी एकही शब्द खोडला नाही. 'ताई, ये. चहा मला येत नाही. येताना चुंबक चिकटेल असं भांडं आण. चुंबक इथे आहे.'

पाकीट बंद करायला खळ शोधली, तर ती सगळी चहात. मग चहाच बोटभर लावला. पाकीट असं घट्ट बसलं की पुन्हा उघडून विचार बदलायची सोयच उरली नाही. आप्पा तसेच चपला घालून गेले आणि ते कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले.