ट्रॉलीवर टेकलेला बीम

गाडीच्या खोलीला दार केवढं ठेवायचं, याचा विचार लिंबाजीनं तब्बल दीड महिना केला. गाडी एकच होती आणि तीही जुनी घेतलेली. पण लिंबाजीला कुठल्याही कामात आधी धोका दिसायचा आणि मग काम. अंगणात फक्कीच्या दोन रेघा मारून त्यानं गाडी त्यांच्यामधून तीन वेळा आतबाहेर केली. चौथ्या वेळी मधोमध थांबवून बायकोला खाली उतरायला सांगितलं.

कमलबाई उतरली. “झालं?”

“तसं न्हाई. हातात बाजाराच्या पिशव्या हायत, असं समजून उतर.”

कमलबाई पुन्हा गाडीत बसली, नसलेल्या पिशव्या सावरत उतरली आणि तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. दाराची रुंदी दहा फूट ठरली, उंची साडेसात.

रुंदी ठरली तशी लिंबाजीची सगळी भीती दारावरच्या बीमवर जाऊन बसली. दहा फूट लांबीचं सिमेंट वर अधांतरी राहणार आणि आपण रोज त्याच्याखालून जाणार, हा विचार त्याला जेवू देईना. योगीराज मिस्त्रीनं चार सळया सांगितल्या होत्या, लिंबाजीनं सहा आणल्या.

“मिस्त्री, पडणार न्हाई ना?”

“लिंबाजीभाऊ, तीस वर्सं झाली काम करायलोय. माझा एक बी बीम पडला न्हाई.”

“म्हणूनच भ्याव वाटायलंय. तीस वर्सांत एखादा तर पडायलाच पाहिजे का न्हाई?”

योगीराजनं सळया मोजायला घेतल्या.

बीम भरायचा दिवस शुक्रवार ठरला. सकाळी मजूर आले, भाड्याचं मिक्सर दारात घरघरायला लागलं, कमलबाईनं हळद-कुंकू वाहिलं आणि लिंबाजीनं नारळ फोडला. नेमका तेव्हाच पालमहून सेंट्रिंगवाल्याचा फोन आला. बीमला खालून आधार द्यायचे त्याचे सगळे लोखंडी टेकू आदल्या दिवशी कुणाच्या तरी स्लॅबखाली गेले होते. सोमवारी देतो म्हणाला.

आता टेकू नाहीत म्हणून काम थांबवावं, तर नारळ फुटलेला. नारळ फोडून काम थांबवलेलं त्या गावात आजवर कुणी पाहिलं नव्हतं आणि लिंबाजीची तर तेवढी छाती नव्हतीच. तो थकलेल्या जनावरासारखा मटकन खाली बसला. योगीराजनं मात्र कमरेवर हात ठेवून इकडंतिकडं पाहिलं. बिनदाराच्या त्या खोलीत लिंबाजीची उसाची ट्रॉली उभी होती. विटा आणल्यापासून ती तिथंच होती.

“ही हाय की,” योगीराज म्हणाला.

ट्रॉली बरोबर दाराच्या मधोमध ओढली. चाकांना पुढून-मागून दगड लावले. ट्रॉलीत विटांच्या थप्प्या रचल्या, त्यावर बाभळीचे ओंडके आडवे टाकले आणि ओंडक्यांवर फळ्या बसवल्या. टेकूपेक्षा हे मजबूत, असं सगळ्यांचं मत पडलं. दुपारी दोनपर्यंत बीम भरून झाला. योगीराजनं हात धुतले, चहा घेतला आणि जाता जाता सांगितलं, “आता एकवीस दिवस ट्रॉलीला कुणी हात लावू नका.”

लिंबाजीनं बोटं मोजली. दोन्ही हातांची बोटं संपली आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तही.

“मिस्त्री, धाव्या दिवशी ही ट्रॉली ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्याला जायचीय.”

“हे आधी सांगायचं ना, भाऊ.”

“तुमी आधी विचारायचं.”

पुढचे दिवस लिंबाजीनं कसे काढले, ते त्याचं त्यालाच माहीत. दुसरी ट्रॉली मिळते का म्हणून त्यानं तीन गावं पालथी घातली. पण गळिताच्या तोंडावर ट्रॉली मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाचीच घोडी मागण्यासारखं होतं. लोक हसून चहा पाजत आणि वाटेला लावत. घरी त्यानं ट्रॉलीभोवती पोती सोडून तिला झाकून टाकलं, शेळ्या मागं नेऊन बांधल्या आणि गल्लीतून जाणारा वरातीचा डीजे हात जोडून दुसऱ्या रस्त्यानं पाठवला. बीमकडं त्याला बघवत नव्हतं, म्हणून बीमवर पाणी मारायचं काम त्यानं कमलबाईकडं दिलं.

“आवो, त्या बीमचं मला एक...” एकदा जेवताना ती म्हणाली.

“बीमचं नाव घरात काढायचं न्हाई,” लिंबाजीनं ताट बाजूला सारलं. “पाणी मार अन् गप बस.”

कमलबाई पाणी मारत राहिली आणि गप्प बसली.

दहाव्या दिवशी सकाळी टोळी आली. आठ कोयते, म्हणजे आठ जोडपी. त्यांच्याबरोबर बोचकी, पातेली, घमेली, दोन खाटा आणि सारजाबाई नावाच्या म्हातारीच्या पाटीत झाकलेल्या चार कोंबड्या. सगळ्यांनी अंगणात सामान मांडलं आणि ट्रॉलीची वाट बघत बसले. मुकादम महारुद्र पुढं झाला.

“रामराम मालक. ट्रॉली कुठं हाय?”

लिंबाजीनं बोट दाखवलं. महारुद्रनं पोतं बाजूला करून आत डोकावलं, वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

“ट्रॉलीवर घर बांधलंव व्हय?”

“घर न्हाई. बीम हाय. अकरा दिवस थांबा की.”

“मालक, आज दिवस मावळायच्या आत फडावर पोचलो न्हाई, तर आपला नंबर दुसऱ्याला जातोय. मग आमी जायचं कुठं? घराला कुलपं लावून आलोय, कडब्याच्या पेंड्या विकल्या, लेकरं आज्जीकडं ठिवली. सोळा माणसांचं साल हाय हे.”

इतके दिवस लिंबाजीला बीम पडायची भीती होती. आता अंगणात मांडलेल्या त्या पातेल्यांकडं आणि खाटांकडं बघून त्याला त्याहून वाईट वाटायला लागलं. आपल्या एका दारापायी ही माणसं अडकली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

योगीराजला बोलावून आणलं. तो येताना एक टेकू घेऊन आला होता, पण तो लावणार कुठं? बीमच्या बरोबर मध्यावर लावायला हवा आणि मध्यावर ट्रॉली.

“टेकू लावायला ट्रॉली काढावी लागती,” योगीराज म्हणाला, “अन् ट्रॉली काढायला आधी टेकू लावावा लागतोय.”

“मग?”

“मग तुमच्या जिम्मेदारीवर काढा.”

“मिस्त्री तुमी हाव. जिम्मेदारी तुमची,” महारुद्र म्हणाला.

“मी एकवीस दिवस सांगितलेवते. माझी जिम्मेदारी तिथंच खतम.”

“अन् मी ट्रॉली ठरविलेली. बीम न्हाई ठरविला.”

सगळ्यांनी लिंबाजीकडं पाहिलं. तेवढ्यात सारजाबाई कोंबड्यांची पाटी शेजारणीच्या मांडीवर देऊन उठली.

“मी ऱ्हाते हुबी बीमखाली. तुमी वढा ट्रॉली. माझं वय झालंय, पडला तर पडला.”

“खाली बसा, मावशी!” लिंबाजी जवळजवळ ओरडलाच.

शेवटी युक्ती महारुद्रनंच काढली. ट्रॉली एकदम ओढायची नाही. आधी टायरांची हवा सोडायची. ट्रॉली हळूहळू खाली बसेल, ओंडके बीमपासून सुटतील आणि बीम स्वतःच्या बळावर उभा राहतो का, ते कळेल.

“अन् बीम बी संगं खाली यायला लागला तर?” लिंबाजीनं विचारलं.

“तर हवा सोडायची थांबवायची.”

“अन् मग?”

महारुद्रनं डोकं खाजवलं. “मग पळायचं.”

हवा सोडायला कोण जाणार, असं म्हणताच सगळे दोन पावलं मागं सरकले. योगीराजला अचानक टेकूचा नट सैल वाटायला लागला. लिंबाजीनं टोपी काढली, देवघराच्या दिशेनं हात जोडले आणि गाडीची किल्ली कमलबाईच्या हातात दिली. ती कशाला म्हणून तिनं विचारलं, तर त्यालाही सांगता येईना.

“दार माझं हाय. जिम्मेदारी माझी,” तो म्हणाला आणि पोतं उचलून आत शिरला.

लिंबाजी टायरापाशी उकिडवा बसला. डोळे मिटून त्यानं व्हॉल्वची टोपी फिरवली, काडी घालून पिन दाबली आणि श्वास रोखला. आवाज आला नाही. त्यानं आणखी जोरात दाबली. तरी आवाज नाही.

“सुटली का हवा?” बाहेरून महारुद्र.

लिंबाजीनं एक डोळा उघडला. टायर जमिनीवर पार चपटं झालं होतं. दगडाआडून वाकून पाहिलं, तर पलीकडचंही तसंच. दोन्ही टायरांत बाभळीचे काटे होते. ओंडके आणताना सांडले असावेत. लिंबाजीची नजर हळूहळू वर गेली. विटा, ओंडका आणि मग ओंडका अन् फळीच्या मध्ये चांगली चार बोटं फट. फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. बीम कशावरच टेकलेला नव्हता. आणि त्या फटीत कुणीतरी खराटा नीट खोचून ठेवला होता.

“हा खराटा कुणाचा?” तो आतूनच ओरडला.

“माझा हाय,” कमलबाई म्हणाली. “तिथं फट हाय, म्हणून ठिवत असते.”

“फट कवापासून हाय?”

“गुरुवारपासून.”

“अन् मला सांगितलं न्हाईस?”

“सांगायलेवते की. तुमीच म्हणलाव, बीमचं नाव घरात काढायचं न्हाई.”

पाच दिवस. लिंबाजीनं मनात मोजलं. पाच दिवस त्याचा बीम कुणाच्याही आधाराशिवाय उभा होता आणि तो मात्र शेळ्यांना ओरडत, डीजेला हात जोडत गावभर ट्रॉल्या मागत फिरला होता. बाहेर योगीराज छाती फुगवून सगळ्यांना सांगत होता की तीस वर्षांत आपला एकही बीम पडलेला नाही.

मग सगळं भराभर झालं. विटा उतरल्या, टायरांचे पंक्चर काढले, ट्रॅक्टर जोडून ट्रॉली बाहेर आली. खाटा चढल्या, बोचकी चढली, सारजाबाई कोंबड्यांसकट चढली. ऊन कलायच्या आत टोळी गावाबाहेर पडलीसुद्धा. योगीराजनं मध्यावर टेकू ठोकला आणि चहा प्यायला गेला.

लिंबाजी होता तिथंच, बीमच्या बरोबर खाली, भिंतीला पाठ लावून बसला. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं. कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. घटघट पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तिच्याकडं बघून हसत विचारलं, “कमल, आता खरं सांग. आनखी काही सांगायचं ऱ्हायलंय का?”

कमलबाई विचार करायला लागली. विचार करता करता तिनं आधी स्वयंपाकघराच्या छताकडं पाहिलं, मग पाण्याच्या टाकीकडं पाहिलं, मग पुन्हा छताकडं.

लिंबाजी उठून उभा राहिला.