इंगोले काकाजींचा उजवा पाय

इंगोले काकाजी आरतीला उभे असले तरी त्यांचा उजवा पाय मधूनच जमिनीत दाबला जातो. समोरून कोणी ताट घेऊन जरा वेगानं आलं, की दाबलाच. ऑटोत, सोफ्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे तेच. अमरावतीत पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो ना, तो गाडी विकून टाकल्यावरही काकाजींच्या पायाखालून गेला नाही.

मीही त्यांचाच विद्यार्थी, शिवाय भिंतीला भिंत लागून शेजारी. भातकुली रोडवर महिनाभर शिकलो. म्हैस दिसायचा अवकाश, काकाजी ओरडायचे, "तू राहू दे, मी दाबला!" लायसन मिळालं, स्वतःची गाडी घेऊन ऐटीत निघालो आणि पहिल्याच चौकात लक्षात आलं, की ब्रेक दाबायचं काम आजवर मी कधी केलेलंच नाही. एका हातगाडीवाल्याची संत्री रस्ताभर झाली. काकाजी धावत आले आणि समाधानानं म्हणाले, "पाह्य, मी नसलो का असं होते!"

घरीही हाच खाक्या. काकूंनी मिठाला हात घातला, की "राहू दे, मी टाकलं." काकूंना त्यांनी हौसेनं गाडी शिकवायला घेतली, पण ती माउली दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी गेली नाही. मुलगी वैशू मात्र खमकी. अकोल्याला नोकरी लागल्यावर ती दुसरीकडेच गाडी शिकली, गाडी घेतली आणि बापाला बसवून अकोल्याला निघाली. मूर्तिजापूरपर्यंत काकाजींनी चौदा वेळा पाय आपटला आणि शेवटी हँडब्रेकच ओढला. वैशूनं गाडी बाजूला घेतली, बापाला उतरवलं आणि अमरावतीच्या एसटीत बसवून दिलं.

त्याला दोन वर्षं झाली. काकू त्याआधीच गेलेल्या. वैशू दिवाळीला यायची, पण "अकोल्याला चला" काही म्हणायची नाही.

काकाजींना आपली चूक कळत नव्हती असं मुळीच नाही. त्यांच्याइतकी ती कोणालाच कळलेली नसेल. देवापुढे शपथ घेऊन झाली, पायाला काळा दोरा बांधून झाला. पुन्हा ऑटोत बसले, की दाबलाच. "डोक्याले समजते राज्या," ते मला म्हणायचे, "पन पाय काई शाळेत गेला नाई."

मागच्या महिन्यात वैशूचा फोन आला. घर घेतलंय, रविवारी न्यायला येते. पण या खेपेला पाय आपटलात तर पुन्हा कधी बोलावणार नाही. काकाजी दोन दिवस जेवले नाहीत. मग साक्षीला म्हणून त्यांनी मलाही ओढलं.

रविवारी गाडी दारात आली. काकाजींनी चपला काढून माझ्याकडे मागे दिल्या, पुढच्या सीटवर चक्क मांडी ठोकली आणि वरून पट्टा लावला. सत्यनारायणाला बसतात तसे बसले.

"हे काय बाबा?"

"शपथ घेऊन पाह्यली, तो ऐकत नाई. आता त्याले जागाच नाई ठेवली. चाल तू."

मला हसू आवरेना. बडनेरा गेलं, आणि पुढे कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर अचानक आडवा आला. मी घाबरून पुढे वाकलो, तर काकाजींनी दोन्ही हातांनी स्वतःच्या उजव्या पायाचा अंगठा गच्च धरून ठेवलेला. वैशूनं ब्रेक दाबला. ट्रॅक्टर निघून गेला. काकाजींनी अंगठा सोडला. मग हळूच म्हणाले, "बराबर दाबला माय."

बोरगावजवळ चहाला थांबलो. वैशू चहा सांगायला गेली, तेव्हा काकाजी मांडी न मोडताच माझ्याकडे वळले.

"लोक शिकत राज्या, अन् त्याच दिवशी जात. पस्तीस वर्षांत नीट ब्रेक दाबता येनारा एकबी मानूस माह्या घरी परत नाई आला. म्हनून वाटे, अजून दोन दिवस आपनच दाबू."

माझी गाडी रोज त्यांच्या दाराशेजारी उभी असते. अकरा वर्षांत "चला काकाजी, एक चक्कर मारून येऊ" असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली.

वैशू तीन कप घेऊन आली. बापाच्या हातात कप देत म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो मी. अन् त्याच्या पुढच्या बी."

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुले तं सारंच येते आता. मंग कायले येशीन?"

"शिकाले नाई येत बाबा. तुमाले न्यायले येतो."

काकाजींनी मान हलवली. मग चहा संपवून मांडी पुन्हा नीट केली, पट्टा ओढून घेतला आणि म्हणाले, "चाल तू."