रिकाम्या जागेला वळसा

आमच्या शेजारच्या नामदेवरावांच्या घरात पाय ठेवला की ते नमस्काराच्या आधी म्हणतात, "जपून वहिनी, तुमी नक्शात नाही."

नामदेवराव सौंसरला आयटीआयत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खं घर टेप लावून मोजलं आणि कॉम्प्युटरात उभं केलं. भिंती, उंबरे, मोरी, संत्र्यांचे रिकामे क्रेटसुद्धा. त्या चित्रातल्या घरात एक चित्रातली गाडी फिरते, आणि तिच्या हुकमाने खऱ्या फरशीवर परातीएवढी खरी गाडी, डोक्यावर पाण्याचा तांब्या घेऊन. ती वळली की ही वळते. खऱ्या गाडीला डोळे नाहीत. ती चित्रावर विश्वास ठेवून चालते, म्हणून चित्रात नसलेल्या माझ्या अंगठ्यावरून बिनदिक्कत जाते.

"स्क्रीनवर धूळ नसते ना," म्हणत नामदेवराव रोज सकाळी स्वतः फरशी पुसतात. धुळीवर चाक घसरलं की दोन्ही घरांचं बिनसतं.

मागच्या वर्षी त्यांची बायको कुसुम गेली. त्यानंतर एका भर दुपारी मी झुणका घेऊन गेले. घर चिडीचूप. गाडी स्वयंपाकघरातून निघाली, माजघराच्या मध्यावर थबकली, रिकाम्या फरशीला सावकाश वळसा घातला आणि पुन्हा सरळ चालू लागली. तांब्यातलं पाणी हललंही नाही. बरोब्बर तिथेच कुसुम पाटावर बसून संत्री निवडायची.

पांढुर्ण्याहून लग्न होऊन आले तेव्हा मी मोठी धीट. संध्याकाळी दोरीवरचं धोतर हललं म्हणून भूत समजून तांब्या फेकून मारला होता. धोतरामागे सासरे होते. आता भुतांना घाबरत नाही, त्यातली निम्मी ओळखीची झाली आहेत. पण त्या दुपारी झुणका खाली ठेवायच्या आधी मी दाराची कडी धरून ठेवली, एवढं खरं.

"भाऊजी, गाडी कोणाले वळसा घालून राहिली?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माजघराच्या मध्यावर एक करडा ठोकळा होता.

"मोजमाप करून राहिलो होतो, तर कुसुम पाटावरून उठेच ना. म्हणे, मलेबी मोजा. मोजलं."

"मंग आता पुसा तो ठोकळा."

ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने कीबोर्ड पुसत बसले.

इकडे त्यांची मुलगी वर्षा भोपाळहून येणार होती. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. बाबांचं एकट्याचं नीट चालत असेल तर राहू दे, नाहीतर घराला कुलूप लावून भोपाळ. मी बजावलं, "गाडी अशी हवेले वळसे घालून राहिली तर पोरगी म्हणेन, गाडीही बिघडली अन् बापही."

"पाहू," नामदेवराव म्हणाले.

रविवारी वर्षा माजघरात खुर्ची टाकून बसली, तपासणीला आलेल्या साहेबासारखी. गाडी स्वयंपाकघरातून निघाली. मी नामदेवरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. ठोकळा पुसलेला नव्हता. मी तुरीची डाळ निवडायला घेतलेलं सूप उचललं आणि त्या रिकाम्या जागी फतकल मारली. गाडी आली, माझ्या गुडघ्याशी थबकली, अदबीने वळसा घालून वर्षाच्या पायाशी पाणी घेऊन थांबली.

"अरे वा बाबा, हिले मावशी दिसते?"

"दिसते ना," नामदेवराव म्हणाले. मग सुपातली डाळ पाहायच्या निमित्ताने वाकले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "वहिनी, जराशा मांगं सरका. तिचा गुडघा दबून राहिला."

मी मुकाट सरकले. कुसुमच्या बाजूची फरशी हाताला कोमट लागली. उन्हाची तिरीप तिथे येत नाही.

वर्षा एकटीच भोपाळला परतली.

पुढे एका सकाळी मी माझ्या ओट्यावर मिरच्या वाळत घालत होते. खिडकीतून नामदेवरावांचं माजघर दिसत होतं. गाडी निघाली, कुसुमला वळसा घालून पुढे आली. दाराजवळ पुन्हा थबकली आणि दुसरा वळसा घातला. तिथे कोणीच नव्हतं. त्यांच्याकडे गेले की मी तिथेच बसते. मी हातातली मिरची खाली ठेवून आपले गुडघे चाचपून पाहिले. होते.

दुपारी ताक घेऊन गेले. उंबऱ्यात पाय ठेवला आणि नेहमीच्या "जपून वहिनी"ची वाट पाहिली. नामदेवराव नुसतंच "या" म्हणाले.