काकूंची विकेट

मीटिंगमध्ये कुणीच बोलेना, म्हणून मी बोललो. एवढंच माझं चुकलं.

आमचा लातूरचा इनडोअर क्रिकेट क्लब म्हणजे मार्केट यार्डामागचं डाळीचं एक जुनं गोडाऊन, त्यात चारी बाजूंनी ताणलेली जाळी, खाली हिरवी मॅट आणि दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटलेले आम्ही. बॉल जाळीला लागला की रन, बॉलरच्या मागच्या जाळीला थेट लागला की सिक्स. गोडाऊन देविदासकाकांचं. त्यांनी ते आम्हाला खेळायला दिलं आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. स्वतः खेळायचे नाहीत. रोज संध्याकाळी जाळीबाहेर बसायचे आणि आउट होऊन येईल त्याला आपल्या थर्मासमधला चहा द्यायचे. (सगळ्यात जास्त चहा मी प्यायलो असेन.)

उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

श्रावणात सीझनच्या पहिल्या दोन मॅच होत्या. दोन्ही नांदेडच्या क्लबाशी. शनिवारी आमच्याकडे, रविवारी त्यांच्याकडे. पण काकांचा मुलगा भारत सांगून गेला, की सोयाबीनच्या एका व्यापाऱ्याला गोडाऊन पाहिजे आहे आणि आईनं हो म्हटलं की ते देऊन टाकायचं. मीटिंगमध्ये आमचा कॅप्टन मन्मथ खाली मान घालून बसला. (हा कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि क्रिकेटही तसंच शिकवतो.) सगळेच खाली बघत बसले. ती शांतता मला सोसेना.

"काकूंनाच सीझनच्या उद्घाटनाला बोलावू या," मी म्हणालो. "पहिला बॉल त्यांच्या हातानं मारायचा. मी बघतो सगळं."

'मी बघतो' असं मी म्हटलं, की आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा काळजीत पडतो.

घरी बायकोला, सौदामिनीला सांगितलं. ती मुलींच्या शाळेत शिकवते, त्यामुळे आधी पूर्ण ऐकून घेते आणि मग चूक दाखवते. पण या वेळी तिनं आधी मान डोलावली.

"बोलवा," ती म्हणाली. "काका गेल्यापासून पंचफुलाकाकूंना कुणी कशातच बोलवत नाही हो. ना हळदीकुंकवाला, ना डोहाळजेवणाला. गल्लीतल्या बायका दारावरून जाताना आवाज बारीक करतात. तुम्ही बोलावताय ते चांगलंच आहे. पण बॉल कोण टाकणार?"

"मी."

"मग खालून टाका. अलगद. नातवाला टाकतात तसा."

आणि माझा भरवसा नसल्यामुळे ती हॉलमध्ये हातात लाटणं धरून सरावाला उभी राहिली. पहिला बॉल टीव्हीवरच्या गणपतीला चाटून गेला. दुसरा वरणाच्या पातेल्यात पडला. तिसरा तिला बरोबर लाटण्यावर मिळाला आणि तो मात्र खिडकीतून शेजाऱ्यांकडे गेला. वरण गाळून घ्यावं लागलं.

शनिवारी काकू आल्या. फिकट साडी, मोकळं कपाळ, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. गोडाऊनात त्या पहिल्यांदाच येत होत्या. काकांच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिलो. नांदेडची पोरंही उभी राहिली. मला खरोखर गहिवरून आलं होतं.

मग मन्मथनं काकूंच्या हातात बॅट दिली.

"काकू, डावं कोपर जरा वर."

"कोपर वर केल्यावर पदर कसा सांभाळू रे?"

केमिस्ट्रीत याचं उत्तर नव्हतं. तो बाजूला झाला.

मी खालून टाकला. अलगद. सौदामिनीची शपथ, याहून अलगद बॉल त्या मॅटवर कधी पडला नसेल. पण पडला तो दोन मॅटच्या जोडावर. उसळलाच नाही. सरपटत गेला, काकूंच्या बॅटखालून शिरला आणि लोखंडी स्टंपवर आदळला. टण्ण!

त्यानंतर जे झालं त्यावर माझा ताबा नव्हता. इतक्या वर्षांत मला एकही विकेट मिळालेली नव्हती हो! तो 'टण्ण' मी फक्त दुसऱ्यांच्या बॉलिंगवर ऐकलेला, किंवा स्वतः बॅटिंग करताना. दोन्ही हात वर करून, "हाऊज द्याट!" असं बोंबलत मी आख्ख्या मॅटवर धावत सुटलो. काकांच्या फोटोपर्यंत पोचलो, तेव्हा लक्षात आलं, की माझ्याशिवाय कुणाचाच आवाज येत नाहीये.

आणि नांदेडचा अंपायर. बिचारा नवा माणूस. त्यानं सवयीनं बोट वर केलं होतं.

काकूंनी त्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बॅट हळूच खाली ठेवली.

"चल आई," भारत म्हणाला, आणि चहा न घेता दोघं निघून गेले. मग झालेली मॅच आम्ही हरलो, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मन्मथ जाळीला हात लावून उभा होता. घर रिकामं करताना माणूस भिंतीला हात लावतो तसा.

घरी सौदामिनीला सगळं आधीच कळलं होतं. तिनं ताट वाढलं, मी जेवलो. ती रागावून बोलली असती तर बरं वाटलं असतं. सकाळी उठून म्हणाली, "चला. नांदेडला जायच्या आधी काकूंकडे जायचं. आणि तिथं तुम्ही कमी बोलायचं."

काकूंच्या घराचं दार उघडंच होतं. आम्ही मागच्या अंगणात गेलो, तर काकू हातात कपडे बडवायचं धोपटणं घेऊन, वाकून, फरशीकडे रोखून बघत उभ्या. समोर भारत, हातात गुंडाळलेला पायमोजा. चेहऱ्यावरून तो बराच वेळ मोजे टाकत असावा.

मी सरळ पाय धरले. "काकू, चुकलं माझं. मला भान राहिलं नाही..."

"गप बैस, मार्तंडा. आधी सांग, बॉल खालून कसा काय गेला?"

"मॅटच्या जोडावर पडला, काकू."

"म्हंजी तू मुद्दाम न्हाई टाकलास?"

"मला मुद्दाम टाकता येत नाही, काकू."

त्या पायरीवर बसल्या. धोपटणं हातातच होतं.

"हे गेल्यापासून माणसं माझ्याशी कशी बोलून राहिलीत, ठाऊक हाय का? दवाखान्यात बोलल्यावानी. भाजीवालीसुद्धा घासाघीस करीना झाली. मी बोलले तर सगळे हाव हाव म्हणतात. काल तू मला आउट केलास अन् वरून नाचलास. लई राग आला. घरी येऊन भारतला म्हणले, मला जेवायचं न्हाई. मग त्याच रागात दोन भाकरी खाल्ल्या. हे गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली, बाबा."

भारत मोजा उलगडत होता, गुंडाळत होता.

"हे रोज घरी येऊन सांगायचे, आज कोण कसा आउट झाला. मी भाकरी थापत 'हाव, हाव' म्हणायची. ध्यान देत नव्हते. काल तिथं उभी राहिले तव्हा वाटलं, ऐकायला पायजे होतं."

मला काहीतरी बोलायचं होतं, पण सौदामिनीनं माझ्याकडे पाहिलं. ती काकूंच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली आणि धोपटणं धरलेल्या त्यांच्या हातावर तिनं हात ठेवला.

जरा वेळानं काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "नांदेडला कव्हा निघायचं?"

जीपमध्ये त्या पुढे बसल्या. वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत मन्मथ त्यांना मागून फॉरवर्ड डिफेन्स समजावत होता. काकू हाव हाव म्हणत होत्या. (ध्यान देत नव्हत्या.)

नांदेडच्या हॉलमध्ये मॅचआधी त्यांनी तिथल्या कॅप्टनला सरळ विचारलं, "मला एक बॉल खेळू देता का? काल माझा राहिलाय." त्यानं लगेच बॅट आणून दिली. काकूंनी पदर कमरेला खोचला आणि मला हाक मारली. मी खालून टाकायला वाकलो.

"खालून न्हाई. सगळ्यांना टाकतोस तसा टाक."

मी सौदामिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी सगळ्यांना टाकतो तसा टाकला आणि त्याचं जे नेहमी होतं तेच झालं. काकूंनी धोपटणं हाणावं तशी बॅट हाणली. माझ्या कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं, मागची जाळी थरारली, आणि कालच्याच त्या अंपायरनं दोन्ही हात वर केले.

काकू त्या हलणाऱ्या जाळीकडे बघत राहिल्या. डोळे भरले होते आणि ओठांवर हसू होतं. भारत एकटाच टाळ्या वाजवायला लागला, मग आम्ही सगळे.

"भारत," त्या जाळीतूनच म्हणाल्या, "त्या व्यापाऱ्याला म्हणावं, दुसरं गोडाऊन बघ."

आम्ही तीही मॅच हरलो. मन्मथ परतीच्या वाटेवर जीपमध्ये गाणी म्हणत होता.

आता रोज सकाळी गोडाऊनात काकू खेळायला येतात. त्यांच्याबरोबर सौदामिनीच्या शाळेतल्या शिक्षिका येतात, गल्लीतल्या त्या आवाज बारीक करणाऱ्या बायका येतात आणि आता कुणाचाच आवाज बारीक नसतो. बॉल टाकायला काकूंनी मला नेमलंय. मी ऑफिसात छाती काढून सांगत होतो, की मी बायकांचा कोच झालो. तर परवा भारतनं गोडाऊनच्या शटरवर रंगवून घेतलं: 'महिला व नवशिक्यांसाठी सुरक्षित गोलंदाजी. संपर्क: मार्तंड.'

"सुरक्षित म्हणजे काय?" मी घरी येऊन सौदामिनीला विचारलं. "मी बॉलर आहे का गॅसची शेगडी?"

"तो शब्द मी सुचवला," ती शांतपणे म्हणाली. "भारत 'निरुपद्रवी' लिहिणार होता."