कोबा ओला हाय!

"पाय ठेवलास तर तंगडं मोडीन!" आत्माराम मिस्त्री ओरडला, आणि वॉर्डबॉय बन्सीने उचललेला पाय हवेतच धरला. त्याच्या एका हातात डाळीची बादली होती, दुसऱ्या हातात भाताची. बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून तो म्हणाला, "मिस्त्री, आत माणसं उपाशी हायत."

"असू देत. कोबा ओला हाय."

बोईसरच्या बाजूच्या त्या सरकारी दवाखान्याची दुरुस्ती चालू होती, आणि दवाखानाही चालू होता. रुग्णसेवा एक दिवसही बंद न ठेवता काम करावे, असा वरून हुकूम होता. हुकूम काढणाऱ्याने आपल्या घराला कधी साधा चुना तरी मारून घेतला होता की नाही, देव जाणे. दात काढायची खुर्ची स्वयंपाकघरात गेली होती, त्यामुळे आचारी किंकाळ्या ऐकत डाळ ढवळायचा. औषधं न्हाणीघरात गेली होती, म्हणून आंघोळी बंद. पाय मुरगळला म्हणून आलेला माणूस सिमेंटची धूळ खाऊन खोकला घेऊन घरी जायचा. पुरुषांच्या वॉर्डाचं मागचं दार तर विटांनी बुजवून टाकलं होतं, आणि त्या बाजूची जुनी मोरीही. आता वॉर्डात जायला-यायला एकच वाट उरली होती. समोरची लांब पडवी. आणि त्या पडवीत आत्मारामने सकाळपासून लाल कोबा घातला होता.

शहाणा मिस्त्री असता तर आज अर्धी पडवी घातली असती, अर्धी चालायला ठेवली असती. कंत्राटदारानेही तसंच बजावलं होतं. पण अर्ध्या-अर्ध्याने घातला की मधे सांधा येतो, आणि सांधा म्हटला की आत्मारामच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहायचा.

बाप म्हणजे चिंचणीचा बळवंत मिस्त्री. तारापूरची वसाहत बांधली तेव्हा तिथल्या कितीतरी घरांत त्याने कोबा घातला. या दवाखान्याची पहिली जमीनही त्याच्याच हातची. आयुष्यभर सिमेंट हुंगून छातीचं खोकं झालं होतं, आणि आता तो याच वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर, उशाशी सिलिंडर घेऊन पडला होता. डॉक्टरांनी आत्मारामला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "घरी न्या किंवा इथे ठेवा. आता फरक पडणार नाही."

आत्मारामने इथेच ठेवला. का, ते त्याने बायकोला, सुलूलाही सांगितलं नव्हतं. जायच्या आधी बापाने आपला कोबा डोळ्यांनी बघावा आणि "चालंल" म्हणावं, एवढीच त्याची आस होती. "चालंल" ही बळवंत मिस्त्रीची सगळ्यात मोठी शाबासकी. सुलूच्या बोंबलाच्या कालवणाला ती मिळाली होती. शेजाऱ्याच्या बैलाला मिळाली होती. एका मद्राशी मिस्त्रीच्या जिन्यालासुद्धा मिळाली होती. आत्मारामच्या कामाला मात्र बाप एवढंच म्हणायचा, "सांधा दिसतो."

म्हणून त्या दिवशी, म्हातारा इंजेक्शनच्या झोपेत असताना, आत्मारामने पडवी एका दमात घातली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, वॉर्डाच्या उंबऱ्यापासून बाहेरच्या दारापर्यंत. उंबऱ्यापाशी भिंतीत छिनीने कोरलेली एक फुली होती. बापाने पहिली जमीन घातली तेव्हाची खूण. आत्मारामने तिला हात लावून नमस्कार केला आणि तिथेच पातळीची दोरी बांधली. दुपारच्या आत काम उरकलं. कोबा असा घोटला की त्यात वरचा पंखा दिसत होता. मग मान वर केली, तर उंबऱ्याच्या पलीकडे शैला सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मिस्त्री, माझी ड्युटी संपली. मी घरी कशी जाऊ?"

"उद्या सकाळी जा, बाई."

"आणि माझी पोरं?"

"त्यांना पण सांगा. कोबा ओला हाय."

इथून सगळा घोळ सुरू झाला. खिडकीला गज होते, गजातून बादली जाईना. बन्सीने बाहेरून लांब दांड्याच्या पळीने एकेक पळी भात आत सोडला. दुपारी डॉक्टर आले. पडवीच्या दारात थापी घेऊन बसलेल्या आत्मारामला बघून काय समजायचं ते समजले आणि रंगाच्या डब्यावर चढून खिडकीतून राऊंड घेऊ लागले. पण हात जेमतेम पहिल्या खाटेपर्यंत पोचत होता. तिथे डोंगरावरचा जिव्या पाय मोडून पडलेला. सगळ्या वॉर्डाच्या वाटची तपासणी त्या एकट्याच्या वाट्याला आली.

"खोकला आहे?"

"माजा पाय मोडलाय, सायब."

"मागच्याला विचारतोय. तू जीभ काढ."

जिव्याने दिवसभर जीभ काढली, डोळे दाखवले, आणि एक सुईसुद्धा टोचून घेतली. ती कोणाची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा जिव्याच आतून ओरडला, "मिस्त्री! तुजा बाप जागा झाला. जमीन बघतोय!"

बाहेरच्या दारातून, पडवीच्या त्या टोकाला, आत्मारामला बापाचं डोकं दिसत होतं. म्हाताऱ्याने उशीवर मान कलती केली, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने कोब्यावरून नजर ओढत नेली, थेट दारापर्यंत. मग पुन्हा मागे. बराच वेळ बघितल्यावर त्याने हात उचलला आणि बोटाने "ये" म्हणून खुणावलं.

"मिस्त्री, बाबा बोलावतायत," शैला सिस्टर म्हणाल्या.

"काय म्हणतायत? चालंल म्हणतायत का?"

सिस्टर खाटेवर वाकल्या. "कानात सांगायचंय म्हणतात. तुम्हालाच."

"उद्या येतो म्हणावं."

म्हातारा काहीतरी पुटपुटला. सिस्टर म्हणाल्या, "उद्यापर्यंत मी राहीन याचा भरवसा काय, असं म्हणतात."

मदत करावी म्हणून जिव्याने उशीवरून मान उंचावली. "बाबा, माज्याकडं सांगा. मी वरडून सांगतो त्याला."

"नाय," म्हातारा म्हणाला. "घरातली गोष्ट हाय."

झालं! या एका वाक्याने वॉर्डातले सगळे आजारी एकदम उठून बसले. मरायला टेकलेला मिस्त्री, कानात सांगायची घरातली गोष्ट. खिडकीतून ती बन्सीला कळली, बन्सीकडून नाक्यावरच्या चहावाल्याला, आणि तिथून एस्टीत बसून ती चिंचणी-तारापूरला गेली. जाता जाता तिला दागिने चढले.

संध्याकाळच्या आत बळवंतचा जावई विश्राम तारापूरहून सायकल मारत आला. मागे त्याची बायको जमुना, आत्मारामची बहीण. विश्रामचं तोंड सुतकी होतं आणि हँडलला एक मोठी रिकामी पिशवी होती.

"आत्माराम, बाबांनी जन्मभर काम केलं. पैसा गेला कुठं?"

"जेवणाखाण्यात गेला, भावोजी."

"मिस्त्री माणूस पैसा कुठं ठेवतो? जमिनीखाली ठेवतो!"

असं म्हणून विश्राम खिडकीपाशी गेला आणि डॉक्टरांच्या डब्यावर चढला. "बाबा! मी विश्राम! मला सांगा!"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली. ते बघून जमुनाने असा हंबरडा फोडला की आचाऱ्याच्या हातातला डाव पडला. नाक्यावरची माणसं टोप्या काढून आत आली. तेवढ्यात चादर खाली सरकली.

"रडू नको गं," म्हातारा म्हणाला. "अजून हाय मी."

विश्रामने कुठून तरी एक फळी आणली. आत्माराम थापी उगारून आडवा झाला. "फळी टाकायची नाय. वळ उठंल." दोघांची ओढाओढ झाली, फळी विश्रामच्याच पायावर पडली, आणि तो दवाखान्यातच असल्यामुळे डॉक्टरांनी त्याला लगेच मलम लावलं. तेवढी एक सोय चांगली झाली.

सुलू घरून पेज घेऊन आली होती. ती डबा हातात धरून एवढा वेळ नुसती बघत होती. मग नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "कोबा परत घालता येतो. बाप परत आणता येतो का?"

आत्माराम कोब्याकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा सांधा न दिसणारं काम झालं होतं. उद्या कोबा कडक झाला की तो चपला काढून, ऐटीत चालत बापाकडे जाणार होता. एक रात्र, फक्त एक रात्र बापाने काढावी. एवढं काय मोठं मागत होतो आपण, असं त्याला वाटलं आणि रडू आलं.

दिवेलागणीला सिस्टरचा आवाज बदलला. "मिस्त्री, या आता. श्वास वर लागलाय त्यांचा."

आत्मारामने थापी खाली ठेवली. सवयीने चपला काढल्या. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा कोबा पायाखाली दबला, तसा त्याच्या तोंडून "आई गं" असा आवाज निघाला. मग तो चालत गेला. मागे लाल चिखलात एकेक पाऊल उमटत गेलं आणि बन्सी, विश्राम, जमुना, सुलू, सगळी दारात गर्दी करून बघत राहिली.

तो खाटेशी गुडघ्यावर बसला आणि बापाच्या तोंडाशी कान नेला. वॉर्डात कोणी खोकलंसुद्धा नाही.

"आत्म्या," म्हातारा कुजबुजला, "ढाळ उलटा दिलास."

"काय?"

"उतार उलटा पडलाय. ते बघ उंबऱ्यापाशी पाणी सुटलंय. पाणी दाराकडं जायला पाहिजे, ते माज्याकडं येतंय."

आत्मारामने वळून बघितलं. उंबऱ्यालगत खरंच पाण्याची चमक साठली होती. बाहेरून त्याला ती घोटाईची चमक वाटली होती.

"तुमच्याच खुणेवर दोरी बांधली, बाबा."

"ती खूण जुन्या मोरीची, गाढवा. ती मोरी तूच बुजवलीस ना?"

आत्मारामला हसावं की रडावं कळेना. "मग दुपारीच जिव्याकडं का नाय सांगितलं?"

म्हाताऱ्याला राग आला, तेवढ्या त्रासातही आला. "चारचौघांत सांगू? माज्या पोराचा ढाळ चुकला म्हणून?"

एवढं बोलून त्याला धाप लागली. सिस्टरने नळी नीट केली. म्हाताऱ्याने पुन्हा मान कलती केली, एक डोळा मिटला आणि पडवीवरून शेवटची नजर फिरवली.

"सांधा नाय दिसत," तो म्हणाला. थोडा थांबला. "बाकी चालंल."

मिटलेला डोळा त्याने पुन्हा उघडला नाही. थोड्या वेळाने दुसराही मिटला.

मग कोब्याचं काय राहिलं? म्हाताऱ्याला न्यायला सगळं चिंचणी लोटलं होतं, आणि वाट तीच एक. खांदेकरी गेले, बायका गेल्या. शैला सिस्टर डोळे पुसत, हातात चपला घेऊन गेल्या. अडकलेले नातेवाईक गेले आणि नुसते बघायला आलेलेही गेले. सकाळी कंत्राटदाराने पडवी बघितली आणि मटकन खाली बसला. दवाखाना अर्थात त्याही दिवशी चालूच होता.

दिवसकार्य आटोपल्यावर आत्माराम पहार घेऊन आला. "पावलं तेवढी बुजव," कंत्राटदार म्हणाला. पण आत्मारामने सगळी पडवी फोडायला घेतली.

ही बातमी कळायला विश्रामला वेळ लागला नाही. मरताना बाप कानात काहीतरी बोलला आणि पोरगा पहार घेऊन दवाखाना खोदतोय! या खेपेला तो पिशवी नाही, पोतं घेऊन आला. बन्सी आला, चहावाला दुकान टाकून आला, जिव्या कुबड्या घेऊन आला. पहार कुठे टण्णकन वाजली की सगळे एकदम पुढे वाकायचे, आणि दगड निघाला की एकदम मागे व्हायचे. उंबऱ्यापर्यंत खोदून झालं. फुलीची खूण असलेला भिंतीचा तुकडा आत्मारामने तेवढा तसाच राखला.

मग त्याने बाहेरच्या दाराकडे ढाळ काढून नवा कोबा घातला. या खेपेला अर्धा आज, अर्धा उद्या. मधे सांधा आला. दिसतोही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट मात्र राहिली.

वाळल्यावर त्याने उंबऱ्यापाशी कळशीभर पाणी ओतलं. पाणी न रेंगाळता, सरळ दाराकडच्या नव्या मोरीत गेलं. विश्राम पोतं काखेत धरून अजून उभाच होता.

"आता तरी सांग. मिळालं का काय?"

आत्मारामने रिकामी कळशी उपडी घातली. "बाबांनी ठेवलं व्हतं ते मिळालं."

"मग आमचा वाटा?"

"त्याचा वाटा होत नाय, भावोजी."

त्या दिवसापासून विश्राम आत्मारामशी बोलत नाही. पण त्याला साधी शिंक आली तरी तो औषधाला याच दवाखान्यात येतो, आणि पडवीतून जाताना कोणी बघत नाही असं पाहून, कुठे पोकळ वाजतंय का म्हणून जागोजागी टाच आपटून बघतो.